पाहुण्यांच्या पायाला मिठी मारणारा कुत्रा

पाहुणे सोफ्यावर टेकतात न टेकतात, तोच घरचा कुत्रा त्यांच्या पायाला मिठी मारून कंबर हलवू लागतो. घरातले ओशाळतात, मुले खिदळतात, आजोबा चप्पल उचलतात. मी माणसांचा डॉक्टर. पण सरकारी रुग्णालयात कुत्रा चावलेल्यांच्या रांगेत ‘कसा चावला?’ असे विचारले, की अधूनमधून हेच ऐकू येते : ‘अंगावर चढत होता, फटका मारला, तर चावला.’ म्हणून हा विषय.

हे वर्तन दिसते लैंगिक, पण बऱ्याचदा तसे नसते. जेमतेम दोन महिन्यांची पिल्लेही खेळताना एकमेकांच्या पाठीवर चढतात. माद्या चढतात, नसबंदी झालेले कुत्रेही चढतात. बेल वाजलेली, अनोळखी वास, सगळ्यांचे आवाज चढलेले; कुत्र्याला आनंद झालेला असतो आणि थोडी भीतीही वाटत असते. त्या उत्तेजनेला कुठून तरी वाट हवी असते. नोबेल विजेते (१९७३) प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी स्टिकलबॅक माशांत असाच प्रकार टिपला होता. हद्दीवर दोन नर समोरासमोर आले, की लढावे की पळावे हे न ठरल्याने ते चक्क तळाची वाळू उकरू लागत. तोंडी परीक्षेत आमचा विद्यार्थी डोके खाजवतो, तेही त्यातलेच.

‘तो तुमच्यावर हुकूमत गाजवतोय’ हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. मला ते पटत नाही. उशीवर चढणारा कुत्रा हुकूमत कोणावर गाजवणार?

अशा वेळी ओरडणे, मारणे म्हणजे उत्तेजनेत भर. शांतपणे बाजूला व्हावे, त्याला हाक मारून बसवावे, चघळायला खेळणे द्यावे. पाहुणे येण्याआधी फिरवून आणले तर उत्तमच. नसबंदीने अनेक नरांमध्ये हे कमी होते. पण सवय जुनी असेल तर पूर्ण जाईलच असे नाही. मात्र कुत्रा अचानक वारंवार असे करू लागला, सतत तिथे चाटत असेल, लघवी थेंबथेंब होत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा त्वचेची खाज असू शकते. पशुवैद्याला दाखवा.

रस्त्यावरची गोष्ट वेगळी. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम असतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. तिथे खरोखरच समागम असतो. नराच्या इंद्रियाच्या मुळाशी असलेली गाठ फुगते आणि जोडी १० ते ३० मिनिटे सुटत नाही. काही जण दगड मारतात, काठीने जोडी सोडवू पाहतात. त्यात दोघांनाही इजा होते आणि घाबरलेले जनावर समोर येईल त्याला चावते. बऱ्याचदा ते पोर असते.

चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी लस घ्यायला या. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी या. पुढचे डोस किती, ते आम्ही ठरवू.