तळघर वगळणारा बिल्डर

डेट्रॉइटमध्ये तळघराशिवाय घर खपेल, यावर १९५७ साली भल्याभल्या बिल्डरांचा विश्वास नव्हता. पण बिल्डरांचे हिशेब पाहणारे तरुण अकाउंटंट ईलाय ब्रोड यांना खर्च नेमका कुठे वाढतो ते कळले होते. सासुरवाडीकडून साडेबारा हजार डॉलर उसने घेऊन त्यांनी डोनाल्ड कॉफमन यांच्याबरोबर कंपनी काढली. तळघर वगळले, गॅरेजऐवजी मोटारीपुरते छप्पर टाकले. कर्जाचा हप्ता फ्लॅटच्या भाड्यापेक्षा कमी बसू लागला आणि घरे हातोहात खपली.

१९७१मध्ये त्यांनी एक विमा कंपनी घेतली. पुढे ‘सनअमेरिका’ या नावाने वाढलेली ही कंपनी १९९९मध्ये एआयजीने सुमारे १८ अब्ज डॉलरला घेतली.

मग देणग्यांचे पर्व सुरू झाले. ब्रोड दांपत्याच्या पैशातून हार्वर्ड आणि एमआयटीच्या साथीने २००४मध्ये जनुकसंशोधनाची ब्रोड इन्स्टिट्यूट उभी राहिली. २०१५मध्ये लॉस एंजेलिसला ‘द ब्रोड’ हे कलासंग्रहालय उघडले. तिथे सर्वसाधारण प्रवेश मोफत.

हिशेबीपणा मात्र सुटला नाही. चित्रकार लिश्टेनस्टाईनचे एक महागडे चित्र त्यांनी चक्क क्रेडिट कार्डावर घेतले! दातृत्वालाही अटी असत. लॉस एंजेलिसच्या ‘लॅक्मा’ संग्रहालयाला इमारतीसाठी पैसे दिले, पण चित्रसंग्रह स्वतःच्या फाउंडेशनकडेच ठेवला. तेव्हा कलाजगतात बरीच कुरबुर झाली. ब्रोड यांचे २०२१मध्ये निधन झाले.