टायफॉइडची लस : साखरेला प्रथिनाची जोड

पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले की वस्तीत टायफॉइड शिरतो. आधी लेकरे आडवी होतात. जुनी लस जंतूच्या साखरेच्या आवरणापासून केलेली. दोन वर्षांखालच्या बाळांवर ती नीट काम करीत नसे. मग शास्त्रज्ञांनी तीच साखर धनुर्वाताच्या निर्धोक केलेल्या प्रथिनाला जोडली. आता नऊ महिन्यांच्या बाळालाही एक इंजेक्शन देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली लाखावर मुलांना ती मोफत टोचली.

आम्ही परिचारिका घरोघर सांगतो, ताप आला की मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या आणू नका. अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतात. लस घेतली तरी पाणी उकळाच. आपल्या वॉर्डात ही लस कधी, हे लेखी अर्ज देऊन विचारा. पोच घ्या, तोंडी विचारलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.