खाली दगड, वर वीट!

मुलांनो, शनिवारवाडा तर तुम्ही पाहिलाच असेल. सहलीला नाही, तर गावाहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला तरी गेला असाल. आता पुन्हा जाल तेव्हा दिल्ली दरवाजातून लगेच आत पळू नका. बाहेरच थांबा आणि तटाकडे नीट बघा. खालचा भाग काळ्या घडीव दगडाचा आणि वरचा विटांचा! असं का बरं? मध्येच दगड संपले की काय?

याची एक गोष्ट सांगतात. म्हणे, सगळा वाडा दगडाचाच होणार होता. पण दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, अशी साताऱ्याहून हरकत आली आणि पुढचं काम विटांत झालं. गोष्ट मजेदार आहे. पण कसबा पेठेत किंवा सदाशिव पेठेत एखादा जुना वाडा उरलाय का बघा. तिथेही जोतं दगडाचं, वर लाकूड, वीट आणि माती! तेव्हा आणखी काही कारण असलं पाहिजे, आणि ते दगडातच सापडतं.

पुण्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. सिंहगडाच्या वाटेने जाताना डोंगरांना पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, त्या या थरांच्याच. भूगोलात तुम्ही ‘अग्निजन्य खडक’ पाठ करता, तो हा, तुमच्या शाळेच्या पायाखालचा!

हा दगड चांगलाच कणखर. वरून कितीही भार टाका, सहज पेलतो. शिवाय पाणी फारसं पीत नाही. वीट मात्र पाणी पिते. एक प्रयोग करा. कोरडी वीट वाण्याच्या काट्यावर तोला, दिवसभर बादलीत बुडवून ठेवा आणि पुन्हा तोला. वजन किती वाढलं ते वहीत लिहा. मग काळ्या दगडाचा तुकडा घेऊन तेच करा. जोत्यावर सगळ्या घराचा भार येतो आणि जमिनीची ओलही आधी तिथेच लागते. म्हणून तिथे दगड!

भिंत भिजली तर काय होतं, हे पुण्याने पाहिलंय. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि पुराचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. मातीच्या भिंती भिजून ढासळल्या, कितीतरी संसार उघड्यावर आले. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा.

आगीचंही तसंच. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला. १८२८ साली वाड्याला मोठी आग लागली आणि आतलं लाकडी काम जळून गेलं. आज आत गेलात की हिरवळीत दगडी जोती दिसतात. महाल कुठे होते, हे त्यांच्यावरूनच कळतं.

मग सगळंच घर दगडाचं का नाही बांधायचं? अहो, एक फूट लांब, रुंद आणि उंच असा चिरा साधारण ८० किलोचा भरतो! तो दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? आणि तो घडवायचा म्हणजे पाथरवटाने छिन्नी-हातोडा घेऊन टक्‌-टक्‌ करत बसायचं. दिवसाकाठी काम होणार ते थोडंच.

शिवाय प्रत्येक काळा दगड बांधकामाचा नसतो, बरं का! लाव्हारस थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकतात, तिथे पोकळ्या राहतात. असा दगड कच्चा. जाणकार हातोडी मारून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर बाजूला. पण गंमत अशी, की याच पोकळ्यांमध्ये सुंदर स्फटिक तयार होतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेले कॅव्हॅन्साइटचे निळेशार स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

आता जरा स्वतःच्या घरात फिरा. जमिनीवर शहाबादी फरशी असेल, तर ती कर्नाटकातल्या शहाबादची, चुनखडीची. हा गाळाचा, म्हणजे स्तरित खडक. थरांवर थर असल्यामुळे त्याच्या सपाट फरश्या सहज निघतात. जुन्या ओट्याचा कडप्पा आंध्रचा आणि तोही चुनखडीचाच. त्यावर लिंबू पिळून तसंच राहिलं, की पांढरट डाग पडतो. चुनखडीला आंबट सोसत नाही! देवघरात संगमरवर असेल, तर तो रूपांतरित खडक. चुनखडी जमिनीखाली दाबली गेली, तापली आणि तिचा संगमरवर झाला. आंबटाची भीती त्यालाही आहे. (प्रयोग देवघरावर करू नका हं! बोलणी मला बसतील.)

कोकणातल्या मामाचं घर आठवा. तांबड्या चिऱ्यांचं ना? तो जांभा. जास्त पावसाच्या, उष्ण हवेत खडक कुजून तो बनतो, म्हणजे कोकणात तो आपल्या काळ्या दगडाचाच लेक! खाणीतून काढताना मऊ, म्हणून त्याचे चिरे चटकन कापता येतात. उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. तिथे सगळी भिंत दगडाची का परवडते, ते आलं ना लक्षात?

आज पुण्यात घडीव दगडाचं जोतं क्वचितच कुणी बांधतं. पण दगड लागायचा थांबलेला नाही. खाणीतला काळा दगड यंत्रात भरडून त्याची खडी करतात आणि ती सिमेंटमध्ये कालवून इमारती उभ्या राहतात. तुम्ही दहाव्या मजल्यावर राहत असाल, तरी भिंतीत तोच बेसॉल्ट आहे, फक्त चुरा होऊन. वेताळ टेकडीवर चढलात तर जुनी खाण दिसेल. दगड काढून झालेल्या त्या खड्ड्यात आता पाणी साठतं.

पेठेत कुठे जुना वाडा पाडत असतील, तर आईबाबांबरोबर लांबूनच बघा. विटामातीचा ढीग होतो, लाकूड विकलं जातं. पण जोत्याचे चिरे पाहा. दोनशे वर्षांपूर्वीचे छिन्नीचे घाव त्यांच्यावर अजून मोजता येतात.