घरचा चार्जर : परवानगीची धास्ती, अर्थिंगचा विसर

घरी इलेक्ट्रिक मोटारीचा चार्जर बसवायचा तर नगरपंचायतीची परवानगी, विजेचं लायसन आणि वेगळं मीटर लागतं, असा समज बोदवडपासून जळगावपर्यंत ऐकायला मिळतो. स्वतःच्या घरात स्वतःची गाडी चार्ज करणाऱ्याला या तिन्हींपैकी एकाचीही सक्ती नाही. जे खरोखर लागतं, त्याची चौकशी मात्र फार थोडे लोक करतात.

लायसनची भीती २००३ च्या वीज कायद्यातून आली. वीज वाटायची किंवा विकायची तर त्या कायद्याखाली परवाना लागतो. पण १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. म्हणजे हमरस्त्यावर चार्जिंग स्टेशन टाकणाऱ्यालाही असा परवाना लागत नाही. घरच्या पोर्चमध्ये गाडी लावणाऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मंत्रालयाने घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करता येईल, असं स्पष्ट म्हटलं आहे.

नगरपंचायतीच्या परवानगीचं काय? भिंतीवर चार्जरची पेटी लावणं म्हणजे नवं बांधकाम नव्हे. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना इमारत उपविधींत चार्जिंगची भर घातली. मोठ्या इमारतींच्या वाहनतळात २० टक्के जागा चार्जिंगसाठी ठेवण्याची अट त्यातलीच. स्वतंत्र घरासाठी मात्र तिथे घरगुती मीटर आणि मालकाच्या गरजेप्रमाणे संथ चार्जर एवढंच धरलेलं आहे. चार्जरच्या निमित्ताने अंगणात पक्की शेड किंवा नवा पोर्च उभारणार असाल, तर बांधकाम परवानगीचा विषय येतो. तो शेडमुळे येतो, चार्जरमुळे नाही.

परदेशातले व्हिडिओ पाहूनही गोंधळ वाढतो. इंग्लंडमध्ये पेटीचं आकारमान किती, यावर नियोजन परवानगीचे नियम ठरलेले आहेत. ते तिकडचे नियम आहेत. बोदवडच्या घरमालकाला त्यांचा काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र इथेही चालणार नाही. जुन्या वस्तीत गाडी गल्लीतच उभी राहते, म्हणून खिडकीतून केबल काढून रस्त्यावर टाकायची. रस्ता सार्वजनिक आहे, अडथळा हटवण्याचा अधिकार नगरपंचायतीला आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच केबलवरून मुलं आणि जनावरं जातात. अंगण नसेल तर घरच्या चार्जरचा बेत सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगळ्या मीटरचा समज अर्धवट माहितीतून झाला. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र दरवर्ग केला हे खरं. पण स्वतःच्या जागेत स्वतःचं वाहन चार्ज केलं तर त्या जागेचाच दर लागतो, हेही आयोगाने सांगितलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय मिळाली. ती हवी त्याने घ्यावी. गल्लीतल्या गाड्या पैसे घेऊन चार्ज करणार असाल, तर मात्र घरगुती दर वापरता येत नाही.

“गाडी लावली की सगळं बिल वरच्या दरात जातं,” असंही म्हणतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, आणि वाढीव दर त्या टप्प्यातल्या युनिटनाच लागतो. घरचा वापर ९० युनिट आणि गाडीचे १३० धरले, तर एकूण २२० होतात. त्यातले पहिले १०० जुन्याच दराने आणि उरलेले १२० पुढच्या दराने आकारले जातात. बिल वाढतं, पण सगळ्या युनिटचा दर वाढत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज शेतातला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, तेव्हा मोटारीच्या पेटीवरून गाडी चार्ज केली तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. जोडणी ज्या कामासाठी मंजूर आहे, त्याहून वेगळा वापर हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर केव्हापासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची धरतात. मळ्यात राहत असाल तर तिथे घरगुती जोडणी घ्या.

आता खरी गरज कशाची, ते पाहू. पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगवर चालणारा लहान चार्जर साधारण ३.३ किलोवॉट ओढतो. २४ किलोवॉट-तासांची बॅटरी रिकामी असेल तर तो सात-आठ तास सलग चालतो; दोन दीड टनी एसी रात्रभर एका प्लगवर चालवण्यासारखंच ते आहे. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. जुन्या जोडणीवर तो एखादाच किलोवॉट असेल, तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. सातेक किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते, आणि सिंगल फेज पुरेल की थ्री फेज घ्यावं लागेल हेही तेव्हाच विचारून घ्या. मे महिन्यात सगळ्या गल्लीचे कूलर एकाच डीपीवर चालू असतात; नोंद न केलेला भार त्या डीपीवर येऊन पडतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत चार्जिंग पॉइंटसाठी सांगितलेल्या गोष्टी घरीही पाळाव्यात : स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअर वीजगळतीला पुरवठा तोडणारं आरसीसीबी, जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट, आणि एक्स्टेंशन बोर्डाला पूर्ण मनाई. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

आणि अर्थिंग. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. श्रावणात चांगलं भरलेलं अर्थिंग वैशाखात तसंच राहील, याची खात्री नसते. अर्थिंग बरोबर नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. लोक गाडीला दोष देतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा आणि मापन ऐन उन्हाळ्यात करून घ्या.

गाडी बुक करण्याआधी बिलावरचा मंजूर भार वाचा, आणि अर्थिंगचं माप ठेकेदाराकडून लेखी घ्या.