ताप गेला, थकवा राहिला

डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड किंवा कोविड बरा झाला, रिपोर्ट चांगले आले, तरी अंगात त्राण नाही. यावर उपाय काय, ते आज पाहू.

मी व्हाइटफील्डला राहतो. पावसाळ्यात इथे डेंग्यू ठरलेलाच. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग जाहीर केलं, त्याच पावसाळ्यात मलाही तो झाला. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या. दहाव्या दिवशी फौजी खाक्याने होप फार्म चौकापर्यंत चालून आलो. तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दात घासतानाही हात भरून आला. दोन दिवस आडवा. बरं वाटलं की पुन्हा चालायला, पुन्हा आडवा. असं तीनदा झालं, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी दुसरी कारणं तपासली: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, लिव्हर. यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे, म्हणून ही पायरी चुकवू नका. खोकला, रात्रीचा घाम आणि घटतं वजन असेल तर टीबीचीही तपासणी हवी.

सगळं ठीक असूनही थकवा राहतो. ऑस्ट्रेलियात डबो भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यात चिकुनगुन्याच्या जातकुळीतला रॉस रिव्हर विषाणूही होता. सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक थकलेलेच होते. कोण थकणार, हे मुख्यतः मूळ आजार किती जोराचा होता त्यावर ठरलं, स्वभावावर नाही. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

तो वाचून मला एक जवान आठवला. टायफॉइडमधून परतला होता. मी त्याला कामचुकार म्हणालो आणि पळायला लावलं. चूक माझी होती.

आता उपाय. या थकव्यावर रामबाण गोळी नाही. सलाइन आणि ताकदीची इंजेक्शनं मनाने घेऊ नका. ताकद जपून खर्च करायची, हाच आधार. आठवडाभर वहीत लिहा: आज काय केलं, उद्या आणि परवा कसं वाटलं. श्रमाचा फटका बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी बसतो. जेवढ्याने तो बसत नाही, त्याहून थोडं कमीच करा. अंघोळ स्टुलावर बसून, भाजी बसून चिरा, कामाचे तुकडे पाडा आणि थकण्याआधी थांबा. आठवडा नीट गेला तरच किंचित वाढवा. बिघडलं तर लगेच मागे या. पाणी, पोटभर प्रथिनं आणि वेळेवर झोप सांभाळा.

ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०२१ मध्ये, दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक हप्त्याने व्यायाम वाढवत नेऊ नये, असं सांगितलं.

छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं किंवा पुन्हा ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उभं राहताच छाती धडधडत असेल तर तेही त्यांना सांगा.

बहुतेकजण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. मला चार महिने लागले. घरात असा कुणी असेल तर "उठ, चाल, बरं वाटेल" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "काल काय केलं होतंस?"

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.