झिजलेले सिलिंडर, वाढीव पिस्टन

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या सिलिंडराचा व्यास मुळात ६८ मिलिमीटर. परंतु वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सिलिंडर झिजून वरच्या अंगास लंबगोल झाले, की मूळ मापाचा नवा पिस्टन बसविणे व्यर्थ ठरते. यावर तजवीज अशी, की सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने कातून त्यात ६८.५ मिलिमीटरचा पिस्टन त्याच मापाच्या रिंगांसह घालावयाचा. तेणेकरून १०८९ घनसेंटिमीटरांचे इंजिन सुमारे १६ घनसेंटिमीटरांनी वाढते. मात्र उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडराहून जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने, उभयतांमध्ये केसाएवढे अंतर राखणे अगत्याचे असते. म्हणून पिस्टन आधी हाती घेऊन मोजावा आणि मगच सिलिंडर कातावयास द्यावे. कारण कातलेले बीड पुन्हा भरून येत नाही.