खेळाडूचा चरितार्थ

खेळानें कीर्ति मिळते. पण संसार चालतो काय? सांगलीस १९१५ सालीं जन्मलेले क्रिकेटपटु विजय हजारे यांच्यापुरता हा प्रश्न संस्थानिकांनीं सोडविला. प्रथम देवासच्या महाराजांनीं त्यांना आश्रय दिला, पुढें बडोद्यानें. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यांत त्यांनीं बडोद्यासाठीं २८८ धावा काढल्या. इंग्लंडांत लँकेशायरकडील क्लबांतूनही ते पगारी खेळाडू म्हणून खेळले.

सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठीं कोल्हापूरच्या महाराजांनीं साहाय्य केलें. १९५२ सालीं मात्र संस्थानें उरलीं नव्हतीं. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून पैसे दिले. हेलसिंकीस कांस्यपदक मिळालें. चरितार्थाची सोय पोलीस खात्यांत १९५५ सालीं झाली. राजाश्रय संपला, म्हणजे त्याचें कर्तव्य समाजानें उचलावयास हवें, हाच या दोन चरित्रांचा बोध होय.